चिल्लरीतली वेगळ्या धातूची नाणी: कशी शोधायची, कशी ओळखायची?

खडीसाखर
नमस्कार मंडळी,
सध्या मला चिल्लर चाळायचा जबरदस्त नाद लागलाय. खिशातली, पर्सच्या तळाची, ड्रॉवरच्या कोपऱ्यातली आणि नातेवाइकांनी परदेशातून येताना उरलीसुरली आणलेली, अशी सगळी नाणी एका डब्यात गोळा केलीयेत. वर्ष आणि चित्र बघून नाणी वेगळी काढणारे पुष्कळ असतात, पण मला धातूचं वेड आहे. म्हणजे नाणं तेच, आकार तोच, वर लिहिलेली किंमतही तीच, पण एक तांब्याचं तर एक जस्ताचं, किंवा एकात चांदी आणि दुसऱ्यात नाही. हे घरच्या घरी ओळखायचं कसं, आणि कुठल्या वर्षांवर नजर ठेवायची, एवढं जाणकारांनी सांगावं.
आणि एक नाणं अडलंय. करडं, मळकट, छोटंसं, साधारण १९ मिमी व्यासाचं. त्यावर २ आणि १९४४ नीट वाचता येतंय, बेल्जियमचं नाव दोन भाषांत आहे. कडेला तांबूस डाग आहेत. कसलं असेल?

रानवारा
जस्ताचं असणार. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यातल्या देशांमध्ये तांबं आणि निकेल सगळं युद्धाला गेलं, त्यामुळे बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स अशा ठिकाणी जस्ताची नाणी पाडत होते. जस्त हवेला असंच करडं मळकट पडतं. लोहचुंबक लावून बघितलात का?

खडीसाखर
आत्ता लावला. टचकन चिकटलं!

रानवारा
मग जस्त नक्कीच नाही. जस्त चुंबकाला हूं की चूं करत नाही. वजन करता येईल का? बाकी धातुवेडा आले की सांगतीलच.

खडीसाखर
छोटा डिजिटल काटा आहे. २.७ ग्रॅम दाखवतोय.

धातुवेडा
वा! धाग्याची सुरुवातच काय सुंदर नाण्याने झालीये. १९ मिमी, २.७ ग्रॅम, चुंबकाला चिकटणारं, करडं, वर्ष १९४४. हे जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद आहे आणि हे नाणं बेल्जियममध्ये पाडलेलंच नाही, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत पाडलेलं आहे.
गोष्ट अशी की १९४३ साली अमेरिकेला तोफगोळ्यांसाठी आणि तारांसाठी तांबं हवं होतं, म्हणून त्यांनी एक सेंटचं नाणं वर्षभर तांब्याऐवजी पोलादाचं केलं. वरून जस्ताचा पातळ थर. तीन टाकसाळी मिळून शंभर कोटींच्या वर नाणी पाडली. लोकांना ती अजिबात आवडली नाहीत, कारण नवीन असताना ती चकचकीत पांढरी दिसायची आणि दहा सेंटचं नाणं समजून लोक देऊन बसायचे. वर्षभरातच ती बंद करून १९४४ पासून परत तांब्याकडे गेले. पण तयार करून ठेवलेल्या पोलादी चकत्या उरल्याच. तेवढ्यात बेल्जियम मुक्त झालं, तिथे सुटे पैसे हवे होते, आणि त्या उरलेल्या चकत्यांवर बेल्जियमचे २ फ्रँक छापून पाठवले. तुमच्या हातात आहे ते अमेरिकन सेंटचं शरीर आणि बेल्जियमचा चेहरा.
कडेचे तांबूस डाग म्हणजे गंज. पोलादाच्या पत्र्याला आधी जस्ताचा मुलामा दिला आणि नंतर त्यातून गोल चकत्या कापल्या, त्यामुळे वर-खाली जस्त आहे पण कापलेली कड उघडीच राहिली. गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. १९४३ च्या सेंटवरही अगदी असाच दिसतो. भिंगाने बघा, कडेवर मधला पट्टा तपकिरी आणि दोन्ही काठ करडे दिसतील.

खडीसाखर
भिंगातून बघितलं, अगदी तस्संच आहे!! माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा चकतीत केवढा प्रवास आहे.

पाऊसवाट
धातुवेडा, मस्त प्रतिसाद. मग उलटंही झालं असेल ना, १९४३ मध्ये चुकून तांब्याची राहिलेली?

धातुवेडा
झालंय, आणि सगळ्या जगातले चिल्लर चाळणारे त्याच नाण्याच्या मागे आहेत. १९४२ च्या काही तांब्याच्या चकत्या यंत्राच्या डब्यात अडकून राहिल्या असाव्यात आणि १९४३ चा ठसा त्यांच्यावर बसला असं मानतात. अगदी मोजकी नाणी माहीत आहेत. त्याच्या उलट १९४४ ची पोलादी सेंटसुद्धा आहेत, तीही फार थोडी, आणि त्यातली काही तरी खडीसाखर यांच्या बेल्जियन नाण्यासाठी आलेल्या चकत्यांची असावीत असा तर्क केला जातो.
पण १९४३ चं तांबडं सेंट दिसलं की पहिल्यांदा चुंबक लावायचा. चिकटलं तर ते पोलादी नाण्यावर कोणीतरी तांब्याचा मुलामा दिलेलं आहे, विषय संपला. नाही चिकटलं तर वजन, ३.११ ग्रॅमच्या आसपास हवं. तेही जुळलं तर आकड्याकडे बघायचं. १९४८ च्या तांब्याच्या नाण्यावरचा ८ डावीकडून घासून ३ करायची जुनी खोड आहे. १९४३ च्या खऱ्या ३ चं शेपूट बाकीच्या आकड्यांच्या रेषेखाली चांगलं लांब उतरतं, घासलेल्या ८ ला ते कुठून आणणार? इथवर सगळं जुळलं तर मात्र स्वतः काही न करता मान्यताप्राप्त तपासणी करणाऱ्यांकडे द्यायचं.

अक्षरश
चुंबकाबद्दल जरा सविस्तर लिहा ना कोणीतरी. मला वाटायचं नाण्याचे धातू कुठलेच चिकटत नाहीत.

शिसपेन्सिल
मी लिहिते. साध्या धातूंमध्ये नेहमीच्या तापमानाला चुंबकाला ओढले जाणारे तीनच: लोखंड, निकेल, कोबाल्ट. नाण्यांत पहिले दोन भेटतात. तांबं, जस्त, कथील, अॅल्युमिनियम, चांदी, पितळ, कांसं यातलं काही चिकटत नाही. आता गंमत म्हणजे शुद्ध निकेल छान चिकटतं पण क्युप्रोनिकेल, म्हणजे तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल, ते बिलकूल चिकटत नाही, आणि दिसायला दोन्ही पांढरी. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, ज्याला ते लोक निकेलच म्हणतात, ते असंच ७५ टक्के तांबं आहे आणि चुंबक त्याला ढुंकूनही विचारत नाही.
स्टेनलेस स्टीलमध्ये दोन जाती. आपल्या सध्याच्या रुपयात फेरिटिक जातीचं आहे, लोखंड ८३ आणि क्रोमियम १७ टक्के, ते चिकटतं. ज्यात निकेल भरपूर असतं ती जात सहसा चिकटत नाही. म्हणून 'चिकटलं नाही म्हणजे स्टील नाही' असा सरसकट निष्कर्ष काढू नका.
मुलाम्याची नाणी वेगळी. युरोची १, २ आणि ५ सेंट ही तांबडी दिसतात पण आतून पोलाद, लगेच उडी मारून चिकटतात. १०, २०, ५० सेंट पिवळी, त्याला नॉर्डिक गोल्ड म्हणतात, नावात सोनं आहे पण आत ८९ टक्के तांबं आणि उरलेलं अॅल्युमिनियम, जस्त, कथील, ते चिकटत नाही. २ युरोचा मधला भाग तीन थरांचा आहे, बाहेर निकेल-पितळ आणि पोटात निकेलचा थर, त्यामुळे चुंबक त्याला हलकासा ओढतो, कड मात्र नाही ओढत. बोटांना तो फरक छान जाणवतो, करून बघा.

जुनापुराणा
आपल्या नाण्यांवर मी लिहितो, कारण लोकांना वाटतं वेगळे धातू फक्त परदेशात.
पंचम जॉर्जचा रुपया जवळपास ९२ टक्के चांदीचा होता. सहाव्या जॉर्जच्या काळात १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. मग १९४६ मध्ये पावली-अधेली आणि १९४७ मध्ये रुपया चक्क शुद्ध निकेलचा झाला, मागच्या बाजूला वाघ. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, त्यामुळे चांदीची नाणी गोळा करून वितळवली गेली आणि निकेलने जागा घेतली. राजाचं तोंड तेच, ११.६६ ग्रॅम वजन तेच, पण १९४५ चा रुपया चुंबकाला दाद देत नाही आणि १९४७ चा चिकटतो. इतका सोपा निवाडा दुसऱ्या कुठल्या नाण्यात नसेल.
युद्धाचीच दुसरी खूण म्हणजे पिवळ्या धातूची आण्यांची नाणी. १९४२ ते ४५ च्या दरम्यान अर्धा आणा, एक आणा, दोन आणे निकेल-पितळेत पाडले, आधी आणि नंतर तीच पांढरी. आणि भोकाचा पैसा, १९४३ ते ४७, तांबं वाचवायला मधोमध भोकच पाडलं!
स्वातंत्र्यानंतर १९५० च्या मालिकेत रुपया निकेलचाच राहिला. १९५७ ला दशमान पद्धत आली, १९६२ चा रुपया निकेलचा, १० ग्रॅम. १९६४ चा नेहरूंचा रुपयाही निकेल. हे चिकटतात म्हणून लोक 'लोखंडाचा असेल' म्हणून बाजूला टाकतात, तसं करू नका.

मनमोर
आणि आत्ताच्या खिशातल्या चिल्लरीत काही आहे का? जुनी नाणी सगळ्यांकडे कुठून असणार.

जुनापुराणा
आहे की. क्युप्रोनिकेलची शेवटची पिढी अजूनही कधीमधी हाताला लागते.
५ रुपयांचं जाड, ९ ग्रॅमचं नाणं, १९९२ पासून २००६ पर्यंत. कडेच्या मधोमध खाच असते, नखाने लागते. चुंबकाला चिकटत नाही. २००७ ला तेच ५ रुपये ६ ग्रॅमचे पोलादी झाले, ते चिकटतात. २००९ पासून निकेल-पितळेचे पिवळे, ते परत चिकटत नाहीत. म्हणजे एकाच किमतीचे तीन धातू, आणि आजही मूठभर चिल्लरीत तिन्ही एकत्र सापडू शकतात.
२ रुपयांचं अकरा कोनांचं नाणं, २००४ पर्यंत, क्युप्रोनिकेल, ६ ग्रॅम. त्यानंतर गोल पोलादी.
१ रुपया १९९१ पर्यंत क्युप्रोनिकेल ६ ग्रॅम, १९९२ पासून पोलाद ४.८५ ग्रॅम.
२५ पैसे १९८८ ते ९० ही तीन वर्षं दोन्ही प्रकारचे, गेंड्याचे पोलादी आणि जुन्या छापाचे क्युप्रोनिकेलचे. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे ती आता फक्त डब्यातच भेटणार.
वर्षाखालची खूण बघायची सवय लावा: चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. धातूशी थेट संबंध नाही, पण एकदा नाणं डोळ्याजवळ धरलंच आहे तर बघून घ्या.

रानवारा
+१. त्या जाड पाचच्या नाण्यांबद्दल तेव्हा बातम्या येत होत्या की सीमेपलीकडे नेऊन वितळवून त्याची ब्लेडं करतात. धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली की असंच होतं, मग सरकारला धातू बदलावाच लागतो.

धातुवेडा
रानवारा यांनी नेमकं मर्म सांगितलं. या सगळ्या शोधाची किल्ली तिथेच आहे. नाण्याचा धातू कोणी हौसेने बदलत नाही. युद्ध आलं, धातू महाग झाला किंवा मिळेनासा झाला, तेव्हाच बदलतात. म्हणून डोळे झाकून सगळी चिल्लर तपासत बसण्यापेक्षा आधी प्रत्येक नाण्याचा धातू कधी बदलला ते माहीत करून घ्या आणि त्या सांध्याच्या वर्षांवर जीव लावा. एकाच वर्षी दोन धातू भेटतात ते सांध्यावरच, आणि यंत्रात जुनी चकती अडकून राहण्यासारखे प्रकारही सांध्यावरच होतात.
अमेरिकेचं १९८२ चं सेंट घ्या. वर्षाच्या सुरुवातीला ९५ टक्के तांब्याचं, ३.११ ग्रॅम. त्याच वर्षी ते जस्ताचं झालं, वर नुसता तांब्याचा मुलामा, वजन २.५ ग्रॅम. रंग एकच, चित्र एकच, वर्षही एकच. चुंबक इथे निरुपयोगी, कारण तांबंही चिकटत नाही आणि जस्तही नाही. काटा मात्र एका सेकंदात सांगतो. काटा नसेल तर दगडी ओट्यावर अलगद टाका, तांब्याचं खणखणतं आणि जस्ताचं बद्द वाजतं. आणि सांधा ओलांडून १९८३ ची तांब्याची म्हणून सापडलेली नाणीही आहेत, तीच खरी दुर्मिळ.
ब्रिटनचं २ पेन्स १९९२ पर्यंत कांशाचं, मग तांब्याच्या मुलाम्याचं पोलाद. पण १९९८ मध्ये मध्येच परत काही कांशाची पाडली, त्यामुळे १९९८ च्या २ पेन्सला चुंबक लावायलाच हवा. तिथली चांदीही दोन टप्प्यांत गेली, १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० पासून निम्मी, १९४७ ला शून्य.

पाऊसवाट
युद्धकाळात अमेरिकेच्या पाच सेंटमध्ये चांदी घातली होती असं वाचलंय. टंचाई असताना चांदी घालायची हे काही डोक्यात शिरेना.

धातुवेडा
खरं आहे, १९४२ च्या मध्यापासून १९४५ पर्यंत. टंचाई चांदीची नव्हतीच, निकेलची होती, चिलखती पोलादासाठी ते लागत होतं. म्हणून निकेल पूर्ण काढलं आणि ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज असं मिश्रण केलं. वजन मुद्दाम ५ ग्रॅमच ठेवलं आणि विजेचे गुणधर्मही जुन्याशी जुळवले, नाहीतर नाण्यांवर चालणाऱ्या सगळ्या यंत्रांनी ती परत बाहेर टाकली असती. त्यामुळे काटा आणि चुंबक दोन्ही इथे गप्प. टाकसाळीनेच खूण केलीये: मागच्या बाजूला घुमटाच्या इमारतीच्या वर मोठं अक्षर, पी, डी किंवा एस. फिलाडेल्फियाने आपलं अक्षर नाण्यावर घातलं ते इथेच पहिल्यांदा. नंतर वेगळी ओळखून परत गोळा करता यावीत हा हेतू होता. वापरलेली नाणी काळपट, ठिगळ लावल्यासारखी डागाळतात, ते मँगनीजमुळे. दहा-वीस पाच सेंटची नाणी हारीने मांडली तर हे मळकं नाणं आपोआप नजरेत येतं.

अक्षरश
चांदीची बाकीची कशी ओळखायची? सगळ्यांवर काही खूण नसणार.

शिसपेन्सिल
आधी कड बघायची. अमेरिकेने १९६४ पर्यंतची १०, २५ आणि ५० सेंटची नाणी ९० टक्के चांदीत पाडली, १९६५ पासून १० आणि २५ सेंट थरांची झाली, आत तांबं आणि दोन्ही बाजूंना क्युप्रोनिकेल. थरांच्या नाण्याच्या कडेला तांबडा पट्टा स्पष्ट दिसतो, चांदीची कड सगळी पांढरी. म्हणून रास लावून उभ्या कडेने बघत गेलं की एका नजरेत कळतं. ५० सेंट मात्र १९७० पर्यंत ४० टक्के चांदीचे राहिले, त्यांची कड फसवी असते, तांबूस झाक दिसते पण ठळक पट्टा नसतो.
दुसरं म्हणजे वजन. २५ सेंट चांदीचं ६.२५ ग्रॅम, थरांचं ५.६७. व्यास तोच असून चांदीचं जड, कारण चांदीची घनता १०.५ आणि तांबं-निकेल दोघांचीही ९ च्या आसपास.
घनता घरी मोजता येते आणि मला हा प्रयोग फार आवडतो. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, ०.१ वाला चालणार नाही. आधी कोरडं नाणं तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचं नाही, आणि नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आधी झटकून टाकायचा. आता काटा जो आकडा दाखवेल तितके घन सेंटिमीटर पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. ६.२५ चं नाणं ०.६१ दाखवत असेल तर १०.२ आलं, ते चांदीकडचं. ८.९ च्या आसपास आलं तर तांबं-निकेल. ७ च्या जरा वर असेल तर जस्त किंवा कथील. ७.८ आलं तर पोलाद, आणि २.७ म्हणजे अॅल्युमिनियम, पण त्याला प्रयोग कशाला, हातात घेतल्यावरच कळतं.
मर्यादा अशी की तांबं, निकेल आणि क्युप्रोनिकेल यांची घनता जवळजवळ सारखीच, त्यांना पाणी वेगळं करू शकत नाही. तिथे चुंबक.

मनमोर
आजच करून बघितला प्रयोग, पहिल्यांदा आकडा भलताच येत होता, मग बुडबुडा दिसला, तो झटकल्यावर बरोब्बर ८.९ आलं पाचच्या जाड नाण्याचं!! शाळेत ही आर्किमिडीजची भानगड पाठ केलेली, हातात नाणं धरून करायला केवढी मजा आली.

शिसपेन्सिल
वा, छान! आता एक जोरदार निओडिमियम चुंबक मिळाला तर अजून एक करा. नाणं तिरकं धरा आणि चुंबक त्यावरून घसरू द्या. तांबं-निकेलच्या नाण्यावरून तो सुळ्ळकन जातो, चांदीवरून मात्र रेंगाळत उतरतो. चांदी विजेची सर्वांत चांगली वाहक आहे, हलत्या चुंबकामुळे तिच्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते चुंबकाला मागे खेचतात. शुद्ध तांब्यावरही असाच मंदावतो. पण नाण्यापेक्षा चुंबक छोटा हवा, आणि पोलादी किंवा निकेलच्या नाण्यावर हे करू नका, तिथे तो नुसता चिकटून बसेल.

गुलबक्षी
यातल्या कुठल्या नाण्याला किती पैसे येतात त्याची यादी मिळेल का?

जुनापुराणा
गुलबक्षी, या धाग्यावर भाव नको अशी विनंती. 'तुमच्या जुन्या नाण्याला लाखो' वाले फोन आणि लिंक यांनी पुष्कळ लोकांना गंडा घातलाय. आधी पैसे भरा मग नाणं विकत घेतो असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा. धातू ओळखायला शिकलात तर कोणी काहीही सांगो, तुम्हाला स्वतःला कळेल हातात काय आहे ते.
आणि वितळवायचा विचारही करू नका. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणी वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे. अमेरिकेतही एक आणि पाच सेंटची नाणी वितळवायला बंदी आहे.

पाऊसवाट
साफ करायचं का सापडल्यावर? माझ्याकडे एक निकेलचा रुपया अगदी काळवंडलाय.

धातुवेडा
नको, नको आणि नको. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पॉलिश, काही लावू नका. वरचा थर हा त्या धातूचाच झालेला थर असतो, तो घासला की नाण्याचा पृष्ठभागच निघून जातो, आणि मुलाम्याच्या नाण्यांचा तर मुलामाच जातो. १९४३ ची कितीतरी पोलादी सेंट लोकांनी घासून परत जस्त चढवून चमकवलीयेत, नवी कोरी दिसतात पण जाणकार लगेच ओळखतो, अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. फार माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. पोलादी नाणी पूर्ण सुकल्याशिवाय ठेवायची नाहीत. आणि पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका, काही वर्षांनी हिरवा चिकट थर येतो, तांब्यावर तर फारच.

रानवारा
अवांतर: अॅल्युमिनियमवरून आठवलं, अमेरिकेने १९७४ वर्षाची एक सेंटची नाणी अॅल्युमिनियममध्ये पाडून बघितली होती ना?

धातुवेडा
हो, तांबं महागलं होतं म्हणून. १५ लाखांहून जास्त पाडली, काही नमुने संसदेतल्या लोकांना दाखवायला दिले. नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचे उद्योजक विरोधात गेले, आणि लहान मुलांनी गिळलं तर अॅल्युमिनियम क्ष-किरणात नीट दिसत नाही असा डॉक्टरांचा आक्षेप आला. बेत बारगळला, नाणी वितळवली, नमुने परत मागवले पण सगळे परत आले नाहीत. एक स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे मात्र १९६४ पासून अॅल्युमिनियम बिनबोभाट चाललं, आधी ३ पैसे, मग १ आणि २, पुढे ५ आणि १० सुद्धा.

खडीसाखर
सगळ्यांचे मनापासून आभार, डबा आता धातूप्रमाणे लावायला घेतलाय, चुंबक आणि काटा शेजारी ठेवूनच बसते. कॅनडाची बरीच नाणी आहेत, त्यात काय बघू?

धातुवेडा
कॅनडा म्हणजे या छंदाची खाणच. पाच सेंट १९२२ पासून शुद्ध निकेलचं, १९४२ च्या मध्यात निकेल युद्धाला गेलं म्हणून बारा कोनांचं टॉम्बॅकचं, म्हणजे ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के जस्ताचं पितळ, रंग तपकिरी पिवळा. मुद्दाम कोन दिले, कारण तपकिरी पडल्यावर एक सेंट समजून लोक गोंधळले असते. १९४४-४५ ला पोलाद, वर क्रोमियमचा मुलामा. १९४३ ते ४५ च्या नाण्यांवर काठाच्या आत बारीक ठिपके आणि रेघा दिसतील, ती नक्षी नाहीये, मोर्स लिपीतला संदेश आहे: मन लावून काम केलं की आपण जिंकतो, अशा अर्थाचा. भिंग हवंच.
मग १९६८. त्या वर्षी १० आणि २५ सेंट आधी ५० टक्के चांदीत आणि नंतर शुद्ध निकेलमध्ये पाडले. चित्र तेच.

खडीसाखर
१९६८ ची २५ सेंटची दोन आहेत! एक चिकटलं, एक नाही. न चिकटलेलं ५.८ ग्रॅम, चिकटलेलं ५.१.

धातुवेडा
न चिकटलेलं चांदीचं. चिकटलेलं शुद्ध निकेल. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर वजन लिहून. आणि १० सेंटची १९६७ ची असतील तर तीही तोला, त्या वर्षी ८० टक्के आणि ५० टक्के चांदी दोन्ही वापरलीये, पण तिथे चुंबक आणि काट्याने भागणार नाही, शिसपेन्सिल ताईंचा पाण्याचा ग्लास लागेल.

शिसपेन्सिल
दहा सेंटचं नाणं छोटं आहे, एकाच नाण्यावर आकड्याची चूक मोठी दिसेल. ०.०१ चा काटा असला तरी तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या, खडीसाखर. आणि दोरा शिवणकामाचा नको, पाणी शोषतो, नायलॉनचा बारीक घ्या.